पिल्लाचं नाक शूमध्ये घासायला सांगणारा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

घरात नवीन पिल्लू आलं की कोणीतरी हमखास एक मेसेज पाठवतंच, सात दिवसात शी-शूची शिस्त लावा म्हणून. त्यात सांगितलंय की घरात केलं की नाक त्यात घासा आणि ओरडा, बाकी वेळ क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या पिंजऱ्यात, बंद ठेवा कारण कुत्रं झोपायची जागा घाण करत नाही, कितीही रडलं तरी दार उघडू नका, आणि संध्याकाळनंतर पाणी बंद. जवळपास सगळंच चुकीचं आहे आणि भोगतं ते बिचारं दोन महिन्यांचं पिल्लू, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

पहिला मुद्दा नाक घासायचा. कुत्र्याला आपण काय केलं आणि त्याचं काय झालं याची सांगड घालता येते ती जेमतेम एक-दोन सेकंदात. तुम्ही हॉलमधलं थारोळं बघणार, पिल्लू शोधणार, मानगूट धरून तिथे आणणार, तोवर ती शू त्याच्या डोक्यातून केव्हाच गेलेली असते. त्याला एवढंच कळतं की माणूस आणि शू एका जागी असले की आपलं काही खरं नाही. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली जाऊन करायला लागतं. आणि खरी पंचाईत पुढे आहे, ते बाहेर नेल्यावरही तुमच्यासमोर करत नाही, अर्धा तास फिरवून आणा, घरात आलं की तुमची पाठ वळायची वाट बघतं आणि कोपऱ्यात करतं. लोक म्हणतात मुद्दाम करतंय, हट्टी आहे. अहो, घाबरलंय ते.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "त्याला कळतं हो, चेहरा बघा ना कसा अपराधी करतं." कान मागे, नजर चुकवणं, शेपूट पायात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली 14 कुत्र्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने खाऊ खायचा नाही असं बजावून खोलीबाहेर जायचं, आणि परत आल्यावर त्याला कधी खरं तर कधी खोटं सांगितलं जायचं की कुत्र्याने खाऊ खाल्ला. तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाल्लं की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की दिसायचा, अगदी खाऊला तोंडही न लावलेल्या कुत्र्यांच्या चेहऱ्यावरसुद्धा. म्हणजे ती चुकीची कबुली नाही, समोरच्या माणसाचा राग शांत व्हावा म्हणूनची धडपड आहे. काही पिल्लं तर या भीतीनेच जागच्या जागी शू करतात, त्यांच्यावर ओरडलं की ते आणखी वाढतं.

क्रेटचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच लोक त्याला फसतात. साधारण तीन आठवड्यांचं झालं की पिल्लू झोपायच्या जागेपासून सरकून शू करायला लागतं हे खरंय. पण धरून ठेवायला मूत्राशयाची ताकद तर हवी! ढोबळ हिशोब असा की जितक्या महिन्यांचं पिल्लू त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तेवढे तास, म्हणजे दोन महिन्यांचं असेल तर फार तर तीन, आणि जागं असून खेळत असेल तर त्याहून खूपच कमी. त्याला आठ तास बंद करून कामाला गेलात तर ते आत करणारच, त्यातच बसणार, आणि हे रोज झालं की घाणीत बसायची सवय होऊन जागा स्वच्छ ठेवायची ती उपजत ओढच मरते. क्रेट केवढा हवा तर आत उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढा. फार मोठा घेतला तर एका टोकाला झोपायचं आणि दुसऱ्या टोकाला शू असं सुरू होतं, म्हणून मोठा क्रेट असेल तर मध्ये पार्टिशन टाका.

शिकवणारा भाग क्रेटबाहेर घडतो आणि मेसेजमध्ये नेमकं त्याबद्दल अक्षर नाही. झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर थोड्याच वेळात (पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात) आणि खेळ झाल्यावर लगेच बाहेर न्या. खेळता खेळता अचानक थांबलं, नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागलं की बोलत बसू नका, उचला आणि निघा. रोज एकाच जागी न्या, गप्प उभे रहा. शेवटचा थेंब पडला त्याच क्षणी कौतुक आणि खाऊ, घरात येऊन नाही, तिथेच. आणि झाल्यावर लगेच आत आणू नका, थोडं बागडू द्या, नाहीतर शू केली की मजा संपते हे पिल्लू फार पटकन शिकतं.

"रडलं तरी दार उघडू नका" हे वाचून तर मला राग येतो. आईला आणि भावंडांना सोडून आलेलं पिल्लू पहिल्या रात्री रडणारच. क्रेट तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. दिवसा दार उघडं ठेवून आतच जेवण द्या, मग काही सेकंद दार लावा, मग हळूहळू वेळ वाढवा. रात्री झोपेतून उठून कुईकुई करत असेल तर बहुतेक वेळा शूच आलेली असते, न बोलता, न खेळवता बाहेर न्या आणि परत झोपवा. लाळ गाळणं, सतत धापा टाकणं, गज चावणं याला नाटक म्हणू नका, पिल्लू खरंच घाबरलेलं असतं, त्यात दातही तुटतात. तिथे क्रेट थांबवून प्लेपेन (जाळीचं मोकळं कुंपण) किंवा सेफ केलेली छोटी खोली वापरा. क्रेटशिवाय जमतच नाही असंही नाही, स्वीडन आणि फिनलंडमध्ये कुत्र्याला घरात पिंजऱ्यात बंद ठेवण्यावर कायद्याने कडक बंधनं आहेत, तिथली पिल्लंही शिकतातच.

पाण्याचं थोडक्यात. निरोगी पिल्लाचं भांडं झोपायच्या तास-दोन तास आधी उचललं तर ठीक, उकाड्यात तेही नको, आणि दिवसा तर कधीच नाही. पिल्लू अचानक खूप पाणी पीत असेल किंवा दर थोड्या वेळाने थेंब थेंब करत असेल तर ट्रेनिंग बाजूला ठेवा आणि व्हेटकडे न्या, इन्फेक्शन असू शकतं.

आणि सात दिवस? चार ते सहा महिन्यांची झाल्यावर बरीचशी पिल्लं भरवशाची होतात, छोट्या जातींना आणखी वेळ लागतो.

मेसेज वाचून आधीच ओरडून झालं असेल आणि पिल्लू आता लपून करत असेल तरी हे सुधारतं. ओरडणं आजपासून पूर्ण बंद. घरात पिल्लू नजरेसमोर ठेवा, आधी जिथे केलंय ती जागा एन्झाइमवाल्या (शूचा वास घालवणाऱ्या) क्लीनरने पुसा, अमोनिया असलेल्याने नको कारण त्याचा वास त्याला शूसारखाच येतो. बाहेर नेताना दोरी लांब घ्या, त्याच्याकडे टक लावून न बघता थोडं वळून उभे रहा, आणि तुमच्यापासून लांब जाऊन का होईना, केलं की खाऊ द्या.