हिरव्या पायाचा घोडा

मी पहिल्यांदा कूलर भरला तेव्हा आईनं चष्मा पुसून पुन्हा लावला. भरला म्हणजे पाण्यानं नव्हे (त्यावरून आमच्याकडे रोज संध्याकाळी भांडण होतंच), दोऱ्यानं.

"हे काय करून राहिली वो?"

"कूलर."

"कूलरले कोन भिंतीवर टांगते? खिडकीत हाय ना थो."

मी गप्प बसले. आईनं मला भरतकाम शिकवलं ते मोर, गुलाब आणि उशांच्या अभ्र्यांसाठी. बटर पेपरवर नक्षी काढायची, रेषेवरून सुईनं भोकं पाडायची, रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्यानं फिरवायची, की कापडावर मोर हजर. चाळीस वर्षं मी असे मोर उतरवले. मग एका मे महिन्यात पिसाऱ्यातला कितवा तरी डोळा गाठीच्या टाक्यानं भरताना मान वर केली, तर समोर कूलर घरघरत होता. मोर मी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला असेल. या लोखंडी ठोकळ्याकडे मात्र दर उन्हाळ्यात तोंड करून झोपते.

कूलर सोपा गेला. त्याच्या गवतासाठी दोऱ्याचा गुंता लागतो आणि तो मला विनासायास जमतो. नंतर कुकर केला. शेजारच्या काकू आल्या, थबकल्या आणि कलश समजून त्यांनी हात जोडले. शिट्टीचा नारळ झाला होता. मीही जोडले.

डोक्यात हवा गेली ती इथे. म्हटलं, आता इमारती. नागपूरचं रेल्वे स्टेशन घेतलं. १९२५ सालचं, सावनेरच्या वालुकाश्मातलं. दुकानात जाऊन "स्टेशनच्या रंगाची लड द्या" म्हटलं तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "सकाळच्या की दुपारच्या?" मी तीन छटा घेऊन आले. लडीचा दोरा सहा पदरी असतो, पण कमानींच्या कडांना एकच पदर लागतो. तो सोडवताना कूलर चालू असला तर दोरा उडून पोह्यांच्या तर्रीत पडतो, बंद केला तर घामानं सुई बोटांत फिरते. महिनाभर खपून कमानी उभ्या केल्या. रिंग काढली, ताण गेला, कापड आवळलं आणि अख्खं स्टेशन इटारसीच्या बाजूला कललं. इस्त्री करून पाहिली. मग वर्ध्याच्या बाजूला कललं.

शहाणी बाई इथे मोराकडे परतली असती. मी नागपुरातल्या झीरो माइलच्या स्तंभापाशी गेले.

तिथले चार घोडे लहानपणापासून जाता-येता पाहते, पण एका घोड्याचा पाय नेमका कुठे वळतो, हे विचाराल तर सांगता येईना. म्हणून भर दुपारी तोंडाला दुपट्टा बांधून वही घेऊन उभी राहिले. पाच मिनिटांत तीन ऑटोवाले थांबले. "कुठं जायचं?" "कुठं नाही, घोडा पाहून राहिले." तिसरा म्हणाला, "ताई, सावलीत या, पाणी प्या." त्याच्या आवाजात खरी काळजी होती.

घरी आल्यावर अडलं ते पायांपाशी. अलीकडचे आणि पलीकडचे एकाच रंगात भरले की घोड्याचा स्टूल होतो. तेव्हा फ्रान्समधल्या बायो गावची टॅपेस्ट्री आठवली. नाव टॅपेस्ट्री, पण ते विणकाम नव्हे, लिननच्या कापडावर लोकरीनं केलेलं भरतकाम. इंग्लंडातल्या १०६६ च्या लढाईचं, जवळपास ७० मीटर लांब. त्यातल्या घोड्यांचे पलीकडचे पाय बिनदिक्कत वेगळ्या रंगात भरलेले आहेत. जवळजवळ हजार वर्षांचा आधार मिळाल्यावर मी कशाला घाबरते? घेतला हिरवा.

"घोड्याले हिरवा पाय काहून?" आईनं विचारलं. मी बायो सांगितलं, १०६६ सांगितलं. "तिकडले लोक कसे का करेनात," म्हणत तिनं रिंग पालथी केली. तिच्या मते सुलट बाजू कोणीही भरतं, बाईचा हात कळतो उलटीवरून. उलटीवर माझ्या गाठी, लोंबते दोरे, एका टाक्यावरून दुसरीकडे मारलेल्या उड्या. मी मान खाली घालून उभी, वय वर्षं त्रेपन्न.

बराच वेळ ती काही बोलली नाही.

"हे पाहाय," शेवटी म्हणाली, "इकडला घोडा पयून राहिला. तिकडला नुसता उभा हाय."

फ्रेमवाला परवापासून फोन करतोय, काचेकडे कोणती बाजू ठेवू म्हणून.