गुडघा माझा, पलंग त्याचा

सायकल ट्रिपचा रूट आखताना शहाणपणा मीच केला होता. ८०० किलोमीटर, ८ दिवस, ८ जण आणि चौथ्या रात्रीचा मुक्काम थेट माझ्या घरी, म्हणजे कपडे धुवून होतील, राहायचा खर्च वाचेल वगैरे. अर्ध्या वाटेत स्वतःचा पलंग लागला की माणसाचं काय होतं हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

पहिले ३ दिवस बूड निमूट होतं. पॅडवाली शॉर्ट घाला नाहीतर काही करा, पाच-सहा तासांनंतर सीट ती सीटच, पण दुसरा इलाज नाही म्हटल्यावर तेही गप्प बसलं (बसणार कुठे, तिथेच). चौथ्या दिवशी घर ४० किलोमीटरवर आलं आणि सगळे अवयव एकदम बोलायला लागले. तळहात बधिर, मान आखडलेली, आणि डावा गुडघा, जो आजवर कधी दुखला नव्हता, तो म्हणे मला आता विश्रांती हवी.

त्यात समोरून वारा. पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवलं की २५-३० टक्के ताकद वाचते, त्यामुळे एरवी पुढे जायची पाळी आली की मला नेमकी तहान लागते, पण त्या दिवशी मी आपणहून पुढे झालो आणि १८चा स्पीड २६ कधी झाला कळलंच नाही. मागून आमचे बीआरएमवाले (बीआरएम म्हणजे ठरावीक वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राईड) ओरडले, "अरे, घोड्याला तबेला दिसला वाटतं!" हे गृहस्थ ६०० किलोमीटरची राईड ४० तासांच्या आत संपवून आलेत आणि ते दर १० किलोमीटरला सांगतात.

मग ठरवलं, गुडघाच पुढे करायचा. "तुम्ही व्हा पुढे, माझ्यामुळे ग्रुपचा खोळंबा नको," हे वाक्यसुद्धा तयार होतं. शेवटच्या चढावर दोनदा जोरात "आई गं" म्हणून बघितलं, पण वाऱ्यात ते माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

घरी पोचलो. आईने दार उघडलं, माझ्या खांद्यावरून मागे बघितलं आणि म्हणाली, "किती काळवंडलात रे पोरांनो!" बाथरूम एक, त्यात पाहुण्यांचा मान, त्यामुळे माझा नंबर आठवा आणि तोवर गरम पाणी संपलेलं. कुडकुडत बेडरूममध्ये आलो तर पलंगावर बीआरएमवाले आडवे, माझी उशी त्यांच्या गुडघ्याखाली, आणि आई शेजारी बसून शेक देतेय.

"फार दुखतोय रे त्याचा. राहू दे त्याला इथेच चार दिवस, तुम्ही व्हा पुढे. तुझं बाई बरं, तू आपला धडधाकट आहेस."

मी लंगडत हॉलमध्ये गेलो. कोणी बघितलं नाही.