इटास्का हा तिथला जुना शब्द नाहीये

मिसिसिपीवरचा लेख मनापासून आवडला पण मिसिसिपी नदी जिथून उगम पावते त्या तळ्याचं इटास्का हे नाव आदिवासी भाषेतलं आहे असं लिहिलंय ते प्लीज दुरुस्त करा. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ह्या छोट्या तळ्याला तिथले आदिवासी ओजिब्वे लोक एल्कचं (म्हणजे एका मोठ्या हरणाचं) तळं म्हणायचे, फ्रेंच व्यापाऱ्यांनीही तसंच लाक ला बिश म्हटलं. १८३२ मध्ये हेन्री स्कूलक्राफ्ट ह्या अमेरिकन शोधप्रवाशाला इथे घेऊन आला तो ओझाविंदिब नावाचा ओजिब्वे वाटाड्या, आणि स्कूलक्राफ्टने काय केलं तर लॅटिनमधले व्हेरिटास म्हणजे सत्य आणि कापुट म्हणजे डोकं हे दोन शब्द जोडून पुढचा मागचा भाग छाटला, मधलं उरलं ते इटास्का. वाट ज्याने दाखवली त्याच्याच लोकांचं नाव नकाशावरून गेलं, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. एल्क लेक नाव आता शेजारच्या तळ्याला आहे.

आम्ही गेलो होतो तेव्हा मुलगी उगमापाशी दगडांवरून टुणटुण उड्या मारत पलीकडे गेली, पाणी जेमतेम गुडघाभर, खालची वाळू दिसत होती. आणि नदी आधी चक्क उत्तरेला निघते हो, बेमिजी गावाकडे, मग वळून दक्षिणेला! हे पण लेखात यायला हवं होतं.