भंगारात जाण्याआधी एक तरी गाळा जपावा

नागपूरच्या इतवारीहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांवरची छोटी गाडी २०१९ मध्ये बंद झाली आणि त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर सुरू झाले. हे रूपांतर व्हायलाच हवे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझे म्हणणे आहे ते जुन्या लोखंडी पुलांविषयी. नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात २००२ पासून छोट्या गाडीची इंजिने आणि डबे आस्थेने सांभाळले गेले आहेत. त्यांच्या शेजारी या छोट्या लाइनींवरच्या एखाद्या पुलाचा एक संपूर्ण गाळा (दोन खांबांमधला भाग), त्याच्या रिव्हेटांसह, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या लोखंडी खिळ्यांसह, आणि कारखान्याच्या नावाच्या पाटीसह, उभा करावा असे मला मनापासून वाटते.

लहानपणी भिवापूरला मावशीकडे जाताना गाडी पुलावर आली की भरावावरचा दबका खडखडाट एकदम पोकळ आणि घणघणता होत असे. त्या आवाजामागे केवढे शिक्षण आहे, हे मला फार उशिरा कळले.

रेल्वेच्या पुलांनी लोखंडाची परीक्षा घेतली आणि ती परीक्षा माणसांच्या जिवावर झाली. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाब उत्तम सोसते, पण ताण पडला की तडकते. इंग्लंडमध्ये चेस्टरजवळ डी नदीवर रॉबर्ट स्टीफन्सन यांच्यासारख्या नामवंत अभियंत्याने बांधलेल्या पुलाची बिडाची तुळई १८४७ मध्ये गाडीखाली मोडली आणि पाच माणसे गेली. त्यानंतर ताण सोसणाऱ्या घडीव लोखंडावर भर वाढला. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमधल्या टे नदीवरच्या पुलाचे मधले उंच गाळे वादळात गाडीसकट नदीत कोसळले. चौकशीत आराखडा, बांधणी आणि देखभाल या तिन्ही गोष्टी सदोष ठरल्या. वाऱ्याच्या दाबाचा विचारच नीट झाला नव्हता. त्याचे अभियंते थॉमस बाउच पुढच्याच वर्षी वारले, आणि फोर्थच्या खाडीवर त्यांनी आखलेला झुलता पूल रद्द झाला.

त्या जागी जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर यांनी पोलादाचा कँटिलिव्हर पूल, म्हणजे आधारांवरून दोन्हीकडे पुढे झेपावणाऱ्या बाहूंचा पूल, आखला, विल्यम ॲरॉल यांच्या कंपनीने तो उभारला आणि १८९० मध्ये तो खुला झाला. पन्नास हजार टनांहून अधिक पोलाद, ५२१ मीटरचे दोन मुख्य गाळे, लाखो रिव्हेट. या पुलाची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र फार पुढची आहे. बांधकामात ५७ कामगार मेले असे शंभर वर्षे सांगितले जात होते. मग तिथल्याच गावातील इतिहासप्रेमींनी जुन्या नोंदी चाळून ७३ मृतांची नावे शोधून काढली आणि त्यांची स्मारके उभी राहिली.

आपल्याकडे अशी मोजदाद कोणी केली? हुगळीवरच्या १८८७ च्या ज्युबिली पुलाला ब्रॅडफर्ड लेस्ली यांचे नाव चिकटलेले आहे, राजमहेंद्रीच्या १९०० मधील हॅवलॉक पुलाला वॉल्टन यांचे. त्या काळचे बहुतेक गर्डर, म्हणजे पुलाच्या लोखंडी तुळया, विलायतेतून जहाजाने सुटे येत आणि नदीकाठी जोडले जात; पण लाल तापलेला रिव्हेट भोकात बसवून, एकाने मागून ठोकळा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने तो थंड होण्याआधी पुढून डोके घडवायचे, हे काम इथल्या हातांनी केले. थंड होताना रिव्हेट आखडतो आणि पत्रे एकमेकांवर आवळून धरतो. ती पकड म्हणजे त्या माणसांची सही आहे, आणि तिच्याखाली नाव नाही. १९६४ च्या चक्रीवादळानंतर रामेश्वरला जोडणारा पांबनचा पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा करणाऱ्या ई. श्रीधरन यांचे नाव आपल्याला माहीत आहे, ते असायलाच हवे. समुद्रातून गर्डर वर काढणाऱ्या खलाशांची, म्हणजे अवजड लोखंड हलवणाऱ्या मजुरांची, नावे मात्र आपण विचारलीही नाहीत.

हे सारे इंग्रजांचे, ते आपण का जपायचे, असे मला एकाने विचारले. त्याला मी आपल्या अजब बंगल्याची, म्हणजे नागपूरच्या जुन्या संग्रहालयाची, गोष्ट सांगितली. चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजावरचा अहवाल १८८२ मध्ये जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलादाचा कारखाना काढण्याचा ध्यास त्यांनी तेव्हापासून घेतला; नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल तर १८७७ पासूनच चालू होती. लोहाऱ्याचा बेत वरोऱ्याच्या कोळशाने जमला नाही. वीसेक वर्षांनी जमशेटजींचे पुत्र दोराबजी टाटा हा नादच सोडल्याचे सरकारला कळवण्यासाठी नागपूरला आले असता, वाट पाहताना सहज याच संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूगर्भशास्त्रीय नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातले लोखंड दिसले. शोध पुन्हा सुरू झाला. कारखाना पुढे साकची (आजचे जमशेदपूर) येथे निघाला आणि १९१२ मध्ये तिथे पोलाद तयार झाले. तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यातल्या त्याच दल्ली-राजहराच्या खनिजावर पुढे भिलाईत रेल्वेचे रूळ बनू लागले. ज्या शहरातल्या एका नकाशाने देशाच्या पोलादाला दिशा दिली, त्या शहराला लोखंडी पूल परका कसा वाटेल?

राजमहेंद्रीचा पूल १९९७ मध्ये निवृत्त झाला आणि अजून जागेवर उभा आहे. एवढे मोठे मागणे माझे नाही. एक गाळा आणि त्याच्याखाली एक फलक, ज्यावर गर्डर कोणत्या कारखान्यात बनला, कोणत्या साली बसला आणि त्याची निगा राखणारे खलाशी, कीमन, गँगमन कोण होते, हे मराठीत लिहिलेले असेल.

नागभीड किंवा छिंदवाडा छोट्या लाइनवरच्या पुलांची छायाचित्रे, विशेषतः पाटी वाचता येईल अशी, कोणाकडे असल्यास कृपया खाली जोडावीत. ज्यांचे वडील किंवा आजोबा या पुलांवर कामाला होते, त्यांनी त्यांचे नाव, गाव आणि कामाची वर्षे लिहावीत. ही यादी मी स्वतः नीट लिहून काढून अर्जासोबत रेल्वेकडे देणार आहे.