पाणी आटत नाही, पण गोडं कसं राहतं?

आफ्रिकेतल्या चाड देशात, सहारा वाळवंटात असलेल्या उनियांगाच्या तळ्यांवरचा एक लेख वाचला; ती 'जमिनीखालच्या प्राचीन पाण्यामुळे टिकून आहेत' एवढंच सांगून तो थांबतो. ते बरोबर आहे, पण अर्धंच. वर्षाला 2 मिलिमीटरही पाऊस नाही, मग नुसतं खालून पाणी येऊन त्याची वाफ होत राहिली असती, तर मीठ मागे साचत जाऊन सगळीच तळी खारट झाली असती. तरी त्यातल्या काहींत गोडं पाणी आहे, मासे आहेत!

खरी गंमत उनियांगा सेरीर या 14 तळ्यांच्या गटात आहे. मधलं तेली तळं उघडं, त्यामुळे त्याची वाफ भराभर होते आणि पातळी खाली जाते. भोवतीच्या तळ्यांवर मात्र तरंगत्या पाणगवताचं पांघरूण. तिथलं पाणी वाळूतून झिरपत तेलीकडे जातं आणि जाताना मीठही घेऊन जातं. थोडक्यात, एकानं खारट व्हायचं म्हणून बाकीची गोडी राहतात. आमच्या शेततळ्यातलं पाणी दर एप्रिल-मे महिन्यांत डोळ्यांदेखत उडून जाताना पाहतो, म्हणून त्या पाणगवताचं मोल मला जरा जास्तच कळतं. लेखात त्याचा साधा उल्लेखही नसावा?