आपणच विकलेली गाडी शोधण्याचे शास्त्र

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. गाडी तुम्ही विकली नव्हती. ती गेली. कोणी खोदून विचारलंच तर ‘तेव्हा परिस्थितीच तशी होती’ एवढं म्हणून खिडकीबाहेर बघायचं. त्या दिवशी तुम्ही नोटा दोनदा मोजल्या होत्या, दुसऱ्यांदा अंगठ्याला थुंकी लावून मोजल्या होत्या, आणि गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत घरात येऊन ‘सुटलो एकदाचे’ म्हणाला होतात, हा तपशील शोधकार्याला मारक आहे. तो गाळा. त्या वेळी घरात हजर असलेली एखादी व्यक्ती तो अजून जसाच्या तसा सांगू शकते. तिला मोहिमेत घेऊ नका.

मग प्रेम मुरू द्या. गाडी दारात उभी असताना हे जमत नाही, कारण तेव्हा ती चालू होत नसते. विकल्यावर पहिली पाच वर्षं आठवतो तो पेट्रोलचा वास आणि धक्का मारताना खांद्यात उठलेली कळ. दहाव्या वर्षी कळ जाते, वास राहतो. पंधराव्या वर्षी वासाचा सुगंध होतो. विसाव्या वर्षी तुम्ही लोकांना सांगू लागता की ती गाडी एकदाही वाटेत बंद पडली नाही. आता तुम्ही शोधाला तयार आहात.

तुमची गाडी फोक्सवॅगन बीटल होती असं मी धरून चालतो. माझी तीच होती, त्यामुळे तुमची दुसरी कुठली असेल यावर माझा विश्वास नाही. बीटलचं एक बरं असतं, की तिचे दोष गुण म्हणून सांगता येतात. १९६१पर्यंतच्या बहुतेक बीटलमध्ये पेट्रोलचा काटाच नव्हता. गाडी आचके देऊ लागली की पायाशी चाचपडत खटका फिरवायचा आणि राखीव पेट्रोलवर पुढे जायचं. तेव्हा आपण यासाठी कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आज मात्र ‘तेव्हा माणूस आणि यंत्र यांच्यात संवाद होता’ असं म्हणायचं. पुढे त्यांनी काच धुण्याचं पाणी स्टेपनीतल्या हवेच्या दाबावर उडवायची सोय केली. म्हणजे काच स्वच्छ हवी असेल तर आधी स्टेपनीत हवा भरा. यालाही ‘काय डोकं होतं बघा’ म्हणायचं. डोकं कुणाचं आणि डोकेदुखी कुणाची, असले प्रश्न मनात येऊ लागले तर समजा, प्रेम अजून पुरतं मुरलेलं नाही. आणखी दोन-तीन वर्षं थांबा.

आता ओळख पटवायची. गाड्यांच्या नादी लागलेले लोक तुम्हाला पहिला प्रश्न विचारतील, ‘चॅसी नंबर काय?’ म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर. हा प्रश्न अत्यंत रूक्ष आहे. कुणी हरवलेल्या माणसाची चौकशी करायला आलं तर आपण आधी त्याचा रक्तगट विचारतो का? तुम्ही त्यांना खरं वर्णन द्या: डाव्या दाराची काच वर करताना तळहाताने दाबून धरावी लागायची, ॲश-ट्रेचं झाकण अर्धंच उघडायचं, आणि तिसऱ्या गिअरमध्ये ती गुणगुणायची. जगात अशी दुसरी गाडी नाही. बीटल एकूण २,१५,२९,४६४ बनल्या, शेवटची २००३ साली मेक्सिकोत पुएब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्यातल्या गुणगुणणाऱ्या तेवढ्या बाजूला काढा म्हणावं.

तरीही ते नंबरच मागत राहतील, कारण बाकी काहीच भरवशाचं नसतं. नंबर प्लेट काही देशांत गाडीबरोबर राहते, काही ठिकाणी मालकाबरोबर जाते. रंग कुणीही बदलतो. इंजिनाचा नंबर सांगाल, तर बीटलचं इंजिन चार बोल्टांवर असतं, ते दुपारी काढून संध्याकाळी दुसरं बसवता येतं. चॅसी नंबर तेवढा राहतो. त्यातही १९८१नंतरची गाडी असती तर सतरा अक्षर-आकड्यांचा शिस्तीतला नंबर मिळाला असता, ज्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वगळलेली असतात, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून. त्याआधी ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने नंबर ठोकले. बीटलचा तो मागच्या सीटखाली असतो, मधून गेलेल्या उंचवट्यावर. बॅटरीही त्याच सीटखाली. म्हणजे बॅटरीत पाणी घालायला तुम्ही दर महिन्याला सीट उचलत होतात आणि नंबर वीतभर अंतरावर होता. इतक्या वर्षांत एकदाही तिकडे नजर गेली नाही याला काही लोक हलगर्जीपणा म्हणतील. खरं प्रेम नंबर बघत नाही, असं उत्तर तयार ठेवा.

मग फोटोंचा डबा काढा. गाडीचे अठरा फोटो सापडतील आणि त्यातल्या एकाही फोटोत संपूर्ण नंबर प्लेट नसेल. जिथे प्लेट असेल तिथे आत्या उभी असेल. आपल्याकडच्या फोटो काढणाऱ्यांनी गाडीपुढे माणूस उभा केला नाही तर रीळ फुकट गेलं असं मानण्याचा काळ होता तो. भिंग लावून बघा. आत्याच्या कोपराजवळ एक आकडा अर्धा दिसेल. मागची काच दिसली तर वर्षाचा अंदाज बांधता येतो. मार्च १९५३पर्यंत ती दोन भागांची होती, मग १९५७पर्यंत लंबगोल, त्यानंतर मोठी चौकोनी. तुम्हाला लंबगोल स्पष्ट आठवते. फोटोत चौकोनी आहे. फोटो चुकीचा असणार.

डब्याच्या तळाशी एक विम्याचा कागद सापडेल, कार्बन कॉपी. त्यावर चॅसी नंबर आहे! हात थरथरतील, थरथरू द्या. कागद नेमका शेवटच्या आकड्यावर दुमडलेला असेल आणि घडीवर शाई उडालेली असेल. तो आकडा इंग्रजी तीन आहे की आठ, यावर घरात दोन तट पडतील. मी तीनवाला आहे. माझा मुलगा आठवाला. आमचं या विषयावर बोलणं बंद आहे. तो कागद मात्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून सतत खिशात बाळगा, पुढे फार उपयोगी पडतो.

नंबर हाती आला की सरकारी कार्यालयाकडे वळा. तिथे आपली ओळख गुन्हेगार म्हणून नव्याने होते. तुम्ही म्हणता, ‘मला फक्त आत्ताच्या मालकाचं नाव-पत्ता हवा आहे, माझं त्या गाडीवर प्रेम आहे.’ हेच वाक्य एखादा पाठलाग करणारा माथेफिरूही म्हणतो, हे खिडकीपलीकडच्या माणसाला ठाऊक असतं. अमेरिकेने तर १९९४ साली खास कायदाच केला, वाहन खात्याने मालकांची खासगी माहिती वाटेल त्याला देऊ नये म्हणून. ब्रिटनमध्ये व्ही-८८८ नावाचा अर्ज असतो, त्यात माहिती कशाला हवी याचं ‘वाजवी कारण’ लिहावं लागतं. अपघात करून कोणी पळालं, तुमच्या जागेत कोणी गाडी टाकून गेलं, ही वाजवी कारणं. पावसाळ्यात जीव कासावीस होतो, हे नाही.

यापेक्षा कारखान्याची दफ्तरं प्रेमळ. बीटलसाठी जर्मनीत फोक्सवॅगनच्या गावी, वोल्फ्सबुर्गला, आणि मॉरिस, ऑस्टिन, एमजी या इंग्रजी गाड्यांसाठी इंग्लंडात गेडनच्या मोटार संग्रहालयाला नंबर कळवा, शुल्क भरा, प्रमाणपत्र मिळतं. गाडी कारखान्यातून कधी निघाली, रंग कोणता होता, कुठे रवाना झाली, सगळं. तुम्ही विकत घेण्याआधीचं इत्थंभूत कळतं, तुम्ही विकल्यानंतरचं अवाक्षर नाही. शिवाय तुम्ही शपथेवर सांगत होता तो ‘मूळचा’ निळा रंग मूळचा नव्हता, ती पांढरी होती, हेही कळतं. प्रमाणपत्र फ्रेम करून लावा. रंगाच्या ओळीवर फ्रेमची कड येईल असं बघा.

आता पहिला खरेदीदार. याला आपण मनातल्या मनात चोर म्हणत आलो आहोत, पण फोनवर ‘साहेब’ म्हणा. त्याला गाडी आठवत असेल, कारण तिसऱ्याच आठवड्यात तिने त्याला हमरस्त्यावर सोडलं होतं आणि त्या वेळी त्याने तुम्हाला फोन केला होता, जो तुम्ही उचलला नव्हता. तो आधी त्या विषयावर बोलेल. बोलू द्या. त्याने ती मेव्हण्याला दिली, मेव्हण्याने मेकॅनिकला, मेकॅनिकने उधारीत कुणाला तरी. प्रत्येकाचं म्हणणं एकच असेल, ‘माझ्याकडे होती तोवर उत्तम होती.’ साखळी साधारण चौथ्या कडीला तुटते, कारण त्यातल्या एकाने कागदावर नाव बदलूनच घेतलेलं नसतं. कदाचित कागदोपत्री अजून मालक तुम्हीच असाल! लगेच हुरळू नका. मालकी तुमची असेल तर मधल्या काळातले दंडही तुमचेच.

निराश वाटलं तर हॉलिवूडच्या स्टीव्ह मॅक्वीनकडे बघा. ‘बुलिट’ या १९६८च्या चित्रपटात त्याने फोर्डची जी हिरवी मस्टँग गाडी पळवली, ती त्याला हवी होती. त्याची ती कधीच नव्हती, फक्त पडद्यावर होती, तरी १९७७ साली त्याने तेव्हाच्या मालकाला पत्र लिहिलं. बदल्यात दुसरी मस्टँग शोधून देतो म्हणाला, फार पैसे लागणार नसतील तर, ही अटही घातली. एवढा मोठा नट, पण पत्राच्या तिसऱ्या वळणाला घासाघीस आलीच. मालकाने गाडी दिली नाही. त्या घरात ती रोजच्या कामाला वापरली जात होती. २०२०च्या लिलावात ती तीस लाख डॉलरच्या वर गेली, तेव्हा मॅक्वीनला जाऊन चाळीस वर्षं होत आली होती. तात्पर्य काढायचंच असेल तर एवढं काढा, की पत्रात घासाघीस दुसऱ्या पानावर करावी.

आणि समजा, सापडली.

हा प्रसंग नीट हाताळला नाही तर सगळं मुसळ केरात. मालक सज्जन असतो, हे पहिलं संकट. तो गॅरेजचं शटर वर करतो. गाडी पांढरी आहे. तुम्ही दाराच्या कडेला, रबराच्या आत नखाने बघता, तिथे निळ्याची बारीक रेघ राहिलेली असते. घशात काहीतरी येतं. मालक उत्साहाने सांगू लागतो: खालचा पत्रा सडला होता, पाणी आत येत होतं, कुणीतरी वर नुसता डांबराचा थर फासून ठेवला होता. मग डॅशबोर्डवर हात ठेवून तो म्हणतो, ‘आणि हे बघा, इथे कुण्या गाढवाने कॅसेट प्लेअर बसवायला भोक पाडलं होतं. चार महिने गेले ते भरून काढायला.’ इथे ‘काय एकेक लोक असतात’ असं म्हणायचं. मी म्हणालो होतो. ते भोक मी रविवारी सकाळी घरच्या ड्रिलने पाडलं होतं आणि वाकडं गेलं म्हणून शेजारी दुसरं पाडलं होतं.

तो तुम्हाला आत बसवेल. डाव्या काचेचं हँडल फिरवा. तळहात आपोआप काचेवर जाईल. काच एका बोटाने वर जाते, आवाज न करता. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी गुणगुणत नाही. मालक अभिमानाने सांगतो, ‘गिअरबॉक्स आवाज करत होता, बेअरिंग गेलं होतं. बदललं.’

परत येऊन चहा घेताना तो गप्प होतो. मग ते वाक्य बोलतो, ज्याच्यासाठी तुम्ही इतकी वर्षं घालवली आणि ज्याची तुम्ही काडीचीही तयारी केलेली नाही. ‘तुम्ही इतक्या लांबून आलात. माझंही आता वय झालं. जेवढा खर्च झाला तेवढा द्या आणि घेऊन जा. तुमचीच आहे.’

पोटात गोळा येईल. गाडी दारात उभी राहील. थंडीत सकाळी चालू होणार नाही. शोध संपेल, रविवार रिकामे होतील, मुलाशी अबोला धरायला विषय उरणार नाही. घाबरू नका. खिशातलं प्लास्टिकचं पाकीट काढा. घडी उलगडा, चष्मा लावा, कागद उजेडात धरा आणि वेळ घ्या. मग मान हलवत, अतिशय जड आवाजात विचारा, ‘तुमच्या कागदावर शेवटचा आकडा काय आहे?’ तो तीन म्हणाला तर तुमचा आठ. आठ म्हणाला तर तुमचा तीन. एका आकड्याने चुकलं, नशीब, उगाच तुम्हाला तसदी दिली, असं पुटपुटत चपला शोधायला लागा.

तो भला माणूस आहे, तो ऐकणार नाही. ‘थांबा हो, कागदात चूक असेल, गाडीवरच बघू’ म्हणत तो मागची सीट उचलायला वळेल. उचलू देऊ नका.