‘डाउनलोड केलेली फाइल गिळून टाकतं’ या १ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार, हे सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं, मी तिचा मालक. उत्तर सपोर्टवर न सोडता मी स्वतः टाइप करतोय, कारण तुमच्यासोबत जे झालं ते सँडबॉक्स (म्हणजे प्रोग्राम बाकी कॉम्प्युटरपासून वेगळा ठेवून चालवायची बंदिस्त जागा) वापरणाऱ्या कोणासोबतही होऊ शकतं, त्यामुळे बाकीच्यांनीही वाचलं तर बरं.

सगळ्यात आधी, अजून अनइन्स्टॉल केलं नसेल तर प्लीज थांबा. तुम्ही लिहिलंय की सँडबॉक्समधल्या ब्राउझरमधून एक फॉर्म डाउनलोड केला, तिथूनच उघडून सगळा भरला, सेव्ह केला, ब्राउझर बंद केला आणि नंतर बघितलं तर डाउनलोड्स फोल्डर रिकामा. आणि हेही लिहिलंय की ‘फाइल बाहेर काढायची का’ हा प्रश्न दरवेळी येतो म्हणून वैतागून तो बंद करून टाकला होता. आता प्रश्न बंद करणं वेगळं आणि ‘बंद करताना सँडबॉक्स रिकामा करा’ हे चालू करणं वेगळं, या दोन सेटिंग आहेत. दुसरी चालू केली नसेल तर तुमचा भरलेला फॉर्म अजून डिस्कवरच आहे, मुख्य विंडोत सँडबॉक्सच्या नावावर राइट क्लिक करून ‘आतल्या फाइल बघा’ केलं की डाउनलोड्समध्येच दिसेल, तो तिथून बाहेर काढा. दुसरी चालू असेल तर मात्र फाइल डिलीट झालेली आहे, आणि एसएसडी असेल तर ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा एसएसडी स्वतःच साफ करते, ती सोय) डिलीट झालेला डेटा रिकव्हरी टूलनेही बहुतेक वेळा परत येत नाही, खोटी आशा दाखवत नाही.

आता मुद्दा असा की सेव्ह केलेली फाइल गेली कुठे. सँडबॉक्समधला प्रोग्राम तुमची खरी डिस्क वाचू शकतो, पण लिहायला गेला की ते लिखाण खऱ्या जागी न जाता एका वेगळ्या फोल्डरकडे वळवलं जातं. पुस्तकाच्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून लिहिण्यासारखं आहे, खालचं सगळं दिसतं पण पेन्सिल वरच्या कागदावरच उमटते. प्रोग्रामला यातलं काही कळत नाही, त्याला वाटतं आपण डाउनलोड्समध्येच सेव्ह केलं, पत्ताही तोच दिसतो, म्हणून ‘सेव्ह झालं’ असं तुम्हाला दिसलं ते आतल्या बाजूने खरंच होतं. आणि यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे आतल्या ब्राउझरमधून फाइलवर क्लिक केलं की वर्ड असो की पीडीएफ रीडर, तोही सँडबॉक्सच्या आतच सुरू होतो, मग त्यात केलेलं प्रत्येक सेव्ह आतच राहतं. विंडोच्या कडेने पिवळी रेघ दिसते ती त्यासाठीच आहे, रेघ दिसतेय म्हणजे तुम्ही आत आहात.

याहून जास्त घोळ होतो तो एका नावाच्या दोन फाइलींचा. समजा फॉर्म डाउनलोड झाल्या झाल्या तुम्ही बाहेर काढला, पण आतली कॉपी तशीच ठेवली आणि भरताना चुकून आतलीच उघडली, तर बाहेर कोरा फॉर्म आणि आत भरलेला फॉर्म, नाव तेच, पत्ताही तोच. म्हणून आमचं सगळ्यांना सांगणं असतं की ज्या फाइलवर काम करायचंय ती आधी बाहेर काढा, आतली डिलीट करा, मग कामाला बसा. नुसती वाचायची असेल तर आतच वाचा आणि जाऊ द्या.

तुम्ही विचारलंय की सरळ डाउनलोड्समध्ये सेव्ह का होऊ देत नाही. देता येतं, त्या फोल्डरला थेट परवानगी द्यायची सोय सेटिंगमध्ये आहे. पण आम्ही ती स्वतःहून कधीच चालू करून देणार नाही, कितीही स्टार गेले तरी. कारण ती परवानगी फक्त तुमच्या फॉर्मला मिळत नाही, आत चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मिळते. उद्या आत एखादं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस, चाललं तर त्या फोल्डरमध्ये आधीपासून पडलेलं सगळं, जुनी बिलं, फोटो, सर्टिफिकेटं, ते खरोखर एन्क्रिप्ट करून टाकेल आणि मग सँडबॉक्स असून उपयोग काय. बहुतेकांचा डाउनलोड्स फोल्डर म्हणजे कित्येक वर्षांचं साठलेलं सामान असतं, कोणी तिथून उचलून नीट ठेवत नाही, म्हणून याची जास्त काळजी वाटते. अगदीच गैरसोय होत असेल तर एक नवीन रिकामा फोल्डर करा, फक्त त्यालाच परवानगी द्या आणि तिथे दुसरं काही ठेवू नका.

‘अँटिव्हायरस स्कॅन करतोच की मग’ असंही तुम्ही म्हटलंय. स्कॅन हवाच, आम्हीही फाइल बाहेर काढताना करतो. पण कालच तयार झालेली फाइल स्कॅनरने अजून बघितलेलीच नसते, आणि पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत तर त्याला बघताच येत नाही. आता उलट बाजूही सांगतो, कारण आमची लोकं पण कधीकधी हे विसरतात: फाइल सँडबॉक्समध्ये चालवून बघितली आणि काही झालं नाही म्हणजे ती चांगली असा अर्थ होत नाही. आपण सँडबॉक्समध्ये आहोत का हे तपासणारे व्हायरस असतात, तसं वाटलं की गप्प बसतात आणि बाहेर आल्यावर कामाला लागतात. शिवाय सँडबॉक्स लिहिणं अडवतो, वाचणं आपोआप अडवत नाही, म्हणजे आत चालणारा चोरटा प्रोग्राम तुमची डॉक्युमेंट्स वाचून इंटरनेटवरून पाठवू शकतो. ज्यांच्याकडे महत्त्वाची कागदपत्रं आहेत त्यांनी त्या फोल्डरचं वाचणंही बंद करून ठेवा, ती सेटिंग आहे, प्लीज वापरा.

आता विंडोजमध्येच जो सँडबॉक्स मिळतो त्याबद्दल. चांगलं आहे ते, तुम्हाला तेच वापरायचं असेल तर जरूर वापरा. पण ते फाइल जपून ठेवेल असं वाटत असेल तर तसं नाहीये. विंडोज १० च्या १९०३ व्हर्जनमध्ये, म्हणजे २०१९ मध्ये ते आलं तेव्हापासून त्याचा नियमच हा आहे की विंडो बंद केली की आतलं सगळं कायमचं जातं, बाहेर काढायच्या फाइलींची यादी वगैरे ते दाखवत नाही. होम एडिशनवर ते मिळत नाही. फाइल बाहेर आणायला एक तर कॉपी पेस्ट करायचं किंवा एखादा फोल्डर जोडायचा, उदाहरणार्थ आधीच कॉन्फिग फाइल (सेटिंग लिहिलेली फाइल) तयार करून, आणि त्या फोल्डरला ‘फक्त वाचायचं’ असं तुम्ही स्वतः लिहिलं नाही तर आतल्या प्रोग्रामला तिथे लिहिताही येतं. म्हणजे थेट परवानगीबद्दल वर जे सांगितलं तोच धोका.

एक अजून, बाहेर काढल्यानंतरचं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक खूण चिकटवतं, तिला मार्क ऑफ द वेब म्हणतात, त्यात झोन ३ म्हणजे इंटरनेट असं लिहिलेलं असतं. वर्ड, एक्सेल ती खूण बघूनच फाइल आधी प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे नुसती वाचता येईल अशी, उघडतात, आणि २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो (फाइलच्या आत असलेले छोटे प्रोग्राम) आपोआप अडवायला सुरुवात केली तेही या खुणेवरूनच. आम्ही फाइल बाहेर काढताना ही खूण तशीच ठेवतो, त्यामुळे बाहेर काढलेला फॉर्म उघडल्यावर वर पिवळी पट्टी दिसली तर तो बिघाड नाही. पण एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर फाइल टाकली की ही खूण पुसली जाते, म्हणून बाहेर काढून लगेच पेन ड्राइव्हवर टाकून दुसऱ्याला देऊ नका. एक्सई फाइल, म्हणजे उघडली की थेट चालणारा प्रोग्राम, तर बाहेर काढायची घाईच करू नका, नावात पीडीएफ आणि शेवटी एक्सई अशा फाइली अजूनही फिरतात आणि विंडोज शेवटचा भाग मुळातच लपवून ठेवतं, ते दिसेल असं आधी करून घ्या.

सपोर्टने तुम्हाला ‘सॉफ्टवेअर असंच चालतं’ एवढ्यावर सोडलं, तुमचं काम अडलेलं असताना तेवढं पुरेसं नव्हतं हे मला मान्य आहे. त्यांच्याशी बोलणं झालंय. तुमचं तिकीट मी परत उघडायला सांगितलंय, त्यात लॉग फाइल जोडलीत तर सँडबॉक्स रिकामा झाला होता की नाही हे त्यातूनच कळेल आणि फॉर्म आत असेल तर तो काढून द्यायला आमचा माणूस तुमच्याबरोबर बसेल.

आणि त्यानंतरही सॉफ्टवेअर ठेवायचं ठरवलंत तर ‘फाइल बाहेर काढायची का’ हा प्रश्न परत चालू करा. दरवेळी नको असेल तर दोन सँडबॉक्स करा, एक नुसतं ब्राउझिंग करायला, तो बंद केला की न विचारता रिकामा होऊ दे, दुसरा डाउनलोडसाठी, तो कधीच आपोआप रिकामा होऊ देऊ नका. आणि तुमचा डाउनलोड फोल्डर जर डी ड्राइव्हवर हलवलेला असेल तर तो ‘बाहेर काढायच्या फोल्डर’च्या यादीत हाताने घाला, कारण यादीत नेहमीचेच डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप असतात, बाकी कुठे सेव्ह केलेल्या फाइलबद्दल तो प्रश्न येणारच नाही.